शेठच्या अंगावर संत्री

गणिताचे मोबाइल गेम बनवणाऱ्या ऑफिसात गेम कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात. अमरावतीत आमचं असंच तिघांचं ऑफिस आहे. कोडिंग माझं, चित्रं अंजनगावच्या स्नेहाची आणि गणितं रिटायर्ड जोशी सरांची. सरांना एकच सल! "आयुष्यभर शिकवलं, पण माझ्या तासाला पोरांचे कान घंटेकडेच!"

*

पहिल्या गेममध्ये उत्तर बरोबर आलं की तारा मिळायचा, चुकलं की संत्र्यांची गाडी उलटायची. शेजारच्या पोरांना खेळायला दिला. झाडून सगळी उत्तरं चूक! सर हबकलेच. "अरे, साधे पाढेही येत नाहीत?"

"येतात ना सर!" एक पोरगं म्हणालं. "पण बरोबर आलं तं नुसता तारा भेटते. चुकलं की गाडी पलटी होते!"

*

मग आम्ही उलटं केलं. उत्तर बरोबर आलं तरच गाडी उलटणार, तीही फळवाल्या शेठच्या अंगावर. स्नेहानं शेठ काढला. जाड भिंगाचा चष्मा, झुपकेदार मिशा. सर स्क्रीनकडे बघतच राहिले. "याला कुठंतरी पाहिलंय."

"बाजारात असे लय असतात सर," म्हणत स्नेहा पाणी प्यायला पळाली.

*

सुरुवातीला लांबलचक सूचना हव्यात आणि 'स्किप'चं बटण नको, हा सरांचा हट्ट. "नियम वाचल्याशिवाय खेळ नाही!" दुसऱ्या दिवशी स्वतःच खेळायला बसले आणि वैतागले, "अरे, हे संपतं कधी? खेळू द्या ना!" बटण त्याच दुपारी आलं.

*

शेवटी अकोल्याच्या एका शाळेत ट्रायल ठरली. तास मधल्या सुट्टीच्या आधीचा! "घंटा झाल्यावर पोरं उठून पळाली, तर मी हा नाद सोडला," सर वाटेत एवढंच बोलले.

खेळ रंगला आणि टॅबलेट एकेक करून बंद पडायला लागले. चार्जिंगच नव्हतं! संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात एक पोरगी सरांसमोर येऊन उभी राहिली. "गेममधला शेठ तुमीच ना? मंग खाली बसा!"

सर बसले. तोंडी गणित घातलं. उत्तर बरोबर आलं आणि पोरांनी दप्तरं सरांच्या अंगावर ओतली! दुसरं गणित, पुन्हा दप्तरं. मग घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

ढिगात चाचपडून सरांनी चष्मा शोधला. "अरे, मधली सुट्टी झाली. जा!"

"सर, तुमी उठू नका ना," ती पोरगी म्हणाली. "अजून एक घाला!"