सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं... विलास, माझा धाकटा भाऊ, गेला त्याला दीड महिना झाला. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. रडू आलं नाही. अजून येत नाही.

तो कॉम्प्युटरवर काम करायचा. भाईंदरला माझ्याकडे आला की ओट्याशी उभा राहायचा. "ताई, एकाही डब्यावर नाव नाही. तुला सापडतं कसं गं?" मी म्हटलं, "जे बरोबर लागतं ते शेजारी ठेवते. साबुदाण्याजवळ शेंगदाणे." त्यावरून त्याने फाइली शोधायची पद्धत काढली. नाव आठवत नसलं तरी फाइलसोबत कोणते कागद उघडले होते, त्यावरून ती सापडायची. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मीच ती लावायला सांगितली. कधीची हरवलेली पाण्याची बिलं मिनिटात निघाली. मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी सेक्रेटरींच्या दारात जाऊन म्हणाले, "फळ्यावर त्याचं नाव लावा ना. पद्धत कशी चालते तेही लिहा." त्यांनी सही-शिक्का मारून, तारीख घालून नोटीस लावली. येताजाता मी ती बघायचे.

पेटंटचा अर्ज त्याने त्यानंतर केला. आधी कुणाला दाखवायचं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. एका कंपनीने हरकत घेतली. आमच्याच बिल्डिंगमधला एकजण तिथे नोकरीला होता. पुरावा म्हणून तीच नोटीस जोडली आणि अर्ज फेटाळला गेला. अपिलाच्या वकिलासाठी मी भिशीचे चाळीस हजार दिले. "हरलो तरी तुझे देईन, ताई," म्हणाला आणि दर महिन्याला देऊ लागला. एकदा चहा पिताना हसला. "ती नोटीस लावायचं डोकं कुणाचं, त्याला एकदा हार घालायचाय." मी कणीक मळत राहिले...

तेराव्यानंतर चार दिवसांनी निकाल आला. अपील फेटाळलं. कारण तेच, नोटीस.

काल त्याची बायको सुनीता पाकीट घेऊन आली. "ताई, शेवटचे पाच हजार. ह्यांनी बजावून ठेवलं होतं, ताईचे ठेवायचे नाहीत. मोजून घ्या."

"सुनीता, ती नोटीस..." मी म्हटलं.

"जाऊ दे ना ताई आता ते."

ती पाणी प्यायली आणि गेली. फळीवर साबुदाण्याच्या डब्याशेजारी त्याचा कप असतो. पाकीट त्याला टेकवून ठेवलं. चाळीसच्या चाळीस हजार आले.