नांगराखालचा ओंडका

नोकरीत मृत्यूचे पंचनामे खूप केले, पण संतपूरच्या पुढच्या एका खेड्यातली ती घटना आजही मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी औराद तालुक्यात एका ठाण्यावर पीएसआय होतो.

उन्हाळी नांगरट चालू होती. एक तरुण शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरच्या नांगराखाली सापडून गेल्याची वर्दी आली. ट्रॅक्टर लहान आणि जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. मागचा लोखंडी नांगर हायड्रोलिकवर वर-खाली व्हायचा, त्याची लिव्हर सीटजवळ होती. नांगर उचलून, इंजिन बंद करून तो फाळाचा बोल्ट आवळायला खाली शिरला आणि नांगर छातीवर आला.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली. प्रेत तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. तेवढ्यात गावातल्या एका दुकानदारानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, थोरल्या भावाला विचारा. ट्रॅक्टरवरून दोघांची रोज कचकच चालायची. त्या टायमाला तो तिथंच होता."

कचकच खरी होती. घरच्या दोन बैलजोड्यांपैकी एक विकून धाकट्यानं हा ट्रॅक्टर आणला होता. थोरल्याला ते मुळीच पटलं नव्हतं. गावात सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला. त्यानं कपाला हात लावला नाही.

"मीच मारलो त्याला, साहेब. लिहून घ्या."

हेड कॉन्स्टेबलनं लगेच कागद पुढं ओढला. मी त्याला थांबवलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही आणि इतक्या सहज आलेल्या कबुलीवर माझाही विश्वास बसत नसे.

"कसा मारलास?"

"नांगर सोडलो त्याच्यावर."

"कामून?"

"मीच मारलो म्हणायलोय की."

दुसऱ्या दिवशी त्याला शेतावर नेलं. ट्रॅक्टर तुराट्यांच्या शेतात तसाच उभा होता. "बस वर. नांगर कसा सोडलास ते दाखव." तो अवघडत चढला, इकडंतिकडं बघितलं आणि समोरच्या दांड्याला हात घातला.

"हा गिअर आहे," मी म्हणालो. "नांगराची लिव्हर कुठली?"

त्यानं दोन्ही बाजूंना हात चाचपला. मग मडगार्डला धरून तो रडायला लागला.

"कधी बसलोच न्हाई ह्याच्यावर, साहेब."

"मग खोटं का बोललास?"

"खोटं न्हाई. नांगराखाली टेकू लावायला त्यानं बाभळीचा ओंडका ठेवला होता. बैलाची पाण्याची डोण कलंडायली म्हणून तिच्याखाली लावायला मी तो उचलून नेलो. त्याला सांगितलो न्हाई. त्याची हाक ऐकून पळत आलो, हातानंच नांगर उचलायलो होतो. हललाच न्हाई."

तरी मी शब्दावर विसंबलो नाही. उदगीरहून मिस्त्री बोलावला. पंचांसमोर नांगर वर घेऊन इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं. लिव्हरला कुणी हात लावला नाही. नांगर आधी बोटभर खाली आला, मग धाडकन जमिनीवर आदळला. आतलं सील झिजलं होतं, दाब टिकत नव्हता. नवीन सील टाकेपर्यंत ह्याला कुणी हात लावू नये, असं मिस्त्रीनं बजावलं.

चौकशी अपघाती मृत्यू म्हणून बंद झाली. पण गावाचं तोंड बंद व्हायला हवं होतं आणि घरातलं उघडायला. मयताच्या बायकोनं दिराशी बोलणं टाकलं होतं. मी अण्णाला घेऊन घरी गेलो. त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून ओंडक्याची गोष्ट स्वतःच सांगितली.

ती म्हणाली, "ओंडका असता तरी ह्यांनी लावला असता का, कुणाला ठावं? नेहमी घाईतच राहायचे. तुमी आत या, अण्णा. जेवला न्हाईत तुमी."

नांगराच्या तपासणीला पंच असलेले शेजारी दारात जमले होते; त्यांच्यासमोर अण्णा आत गेला, ते मी पाहिलं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. 'मी केलं' असं कुणी म्हणालं की आमचा हात आधी कागदाकडे जातो. पण त्यानं नेमकं काय केलं, हे विचारायचं राहून गेलं, तर तो माणूस स्वतःला देत असलेल्या शिक्षेवर आपण फक्त शिक्का मारतो.