पाळ फोडल्याची कबुली

ती घटना आठवली की आजही अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नसतो.

मी तेव्हा गडचिरोलीच्या जंगलातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका व्यावसायिकाने नाल्यावर मातीची पाळ घालून स्वतःचा तलाव केला होता. व्याघ्र प्रकल्पाच्या दारातल्या मोहर्लीला पर्यटक येतात, मग इकडे का येणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. चार खोल्या, दोन-तीन बोटी, आणि काठ ढासळू नयेत म्हणून उतारावर शेततळ्याला घालतात तसा जाड काळा प्लास्टिकचा कागद. पावसाळ्यात सगळं बंद. शेजारच्या वस्तीतला एक गोंड शेतकरी तेवढा चौकीदारीला असायचा.

ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळीच मालकाचा फोन आला. पाळ कोणीतरी फोडली, तलाव रिकामा झाला. आम्ही पोचलो तर धो धो पाऊस. आमच्या हवालदाराने छत्रीखाली, पाळेवर उभ्या उभ्या घटनास्थळाचा पंचनामा उरकला. खाली मांडीभर चिखल, त्यात उतरतो कोण? नाला अडवला म्हणून गावकऱ्यांचा राग होता. त्यांनीच चौकीदाराला फितवलं, असं मालकाचं म्हणणं.

दुपारी चहाच्या टपरीवर आमचा खबऱ्या भेटला. म्हणाला, "साहेब, चौकीदाराले पहाटे पाह्यलं म्या. हातात कुदळ, पुरा चिखलानं भरला होता. हाक मारली त तलावाकडं परत वळला."

चौकीदाराला ठाण्यात आणलं. इतकी सोपी चौकशी माझ्या उभ्या नोकरीत झाली नव्हती.

"पाळ कोणी फोडली?"

"म्या फोडली जी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाई."

"मग कशासाठी फोडली?"

इथे गडी गप्प. चहा दिला, दरडावलं, शेवटी त्याच्या बायकोला बोलावलं. ती रडकुंडीला आली. "सांगून टाका न जी! तुमी आत गेले त लेकरायनं कोणाकडे पाहाचं?" तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "लिहून टाका साहेब, म्याच फोडली. दुसरं काही इचारू नका."

खोटं बोलणारा माणूस विचारण्याआधीच कारणं देतो. हा एकही द्यायला तयार नव्हता. माझं डोकं सटकलं. कबुली हातात आणि गुन्ह्याच्या हेतूचा पत्ता नाही!

कुदळ तलावात फेकली, एवढं मात्र त्याने सांगितलं. ती जप्त करायला दोन पंच घेऊन आम्ही चिखलात उतरलो. पाऊस उघडला होता, चिखल जरा आळला होता. हवालदार पुढे, माझ्या नावाने मनात काय काय म्हणत असेल देव जाणे. मध्येच तो थांबला.

"साहेब, हे डबके पाहा. एका लाइनीत हायेत."

मी पाहिलं. परातीएवढी गोल डबकी, पावसाच्या पाण्याने भरलेली, एकापुढे एक. त्यांच्या मध्ये लहान लहान ताटल्यांएवढी. काठाच्या काळ्या कागदावर घसरल्याचे पट्टे, पुन्हा पुन्हा त्याच जागी. आणि वर तो जाड कागद चिंध्या करून ओढून काढलेला.

"बापरे, हत्ती!" एक पंच म्हणाला आणि तिथेच त्याने हात जोडले.

छत्तीसगडकडून हत्तींचा कळप तेव्हा आमच्या भागात नव्यानेच आला होता. मी तोवर एकाचंही पाऊल पाहिलं नव्हतं. मी थक्क झालो होतो. कुदळीचा विषयच डोक्यातून गेला.

ठाण्यात परतून मी त्याला एवढंच विचारलं, "पिल्लू पडलं होतं ना?"

तो ओक्साबोक्शी रडला. मग बोलला. "पहाटे पाण्यावर आले होते. पिल्लू कागदावरून घसरलं. वर चढे, खाली पडे. शेवटी नुसती सोंड दिसून राह्यली होती. माय त्याची अशी वरडे का माही छाती फाटली. कागद फाडे, पाय टाके, पण तिलेबी नाई जमलं. तलाव काठोकाठ होता. म्या पाळेच्या कोपऱ्यात कुदळ मारली. जरासी वाट भेटली न पाण्यानंच बाकीचं खोदलं."

"कळप कुठे होता?"

"समोरच्या काठाले. एक डाव तिनं माह्याकडं सोंड उचलली. म्हटलं, संपलं आता. पण हात थांबला नाई जी. पाणी उतरलं तशा दोन मोठ्या आत उतरल्या, मागून डोक्यानं रेटत रेटत त्याले वर काढलं."

हवालदाराला राहवलं नाही. "जाताना तिनं तुह्याकडं वळून पाह्यलं का गा?"

"तिले काय घेणं माह्याशी? तिचं लेकरू निंगालं, ते गेली."

"अरे बाबा, मग हे आधी का नाही बोललास?"

"फारेस्टची केस लागली असती न साहेब, जंगली जनावराच्या मधात पडलो म्हून. पोलिसाची परवडली, फारेस्टची नाई. माह्या बापानं सागाच्या एका फांदीपायी जलमभर तारखा केल्या."

मी कपाळाला हात लावला. ज्या कामासाठी वनखात्याने त्याची पाठ थोपटली असती, ते लपवायला हा माणूस तुरुंगात जायला निघाला होता! कबुली मिळाली की तपास संपला, असं मी तोवर मानत आलो होतो. त्या दिवसापासून कोणी पटकन गुन्हा कबूल केला, की याला आमच्यापेक्षा जास्त भीती कोणाची आहे, हे मी आधी शोधू लागलो.

मालकाला, वनाधिकाऱ्यांना आणि चौकीदाराला घेऊन मी तलावावर गेलो. आदल्या दिवशीपर्यंत आकांडतांडव करणारे मालक ते ठसे पाहून पाळेवरच बसले. "वाचलं ना पिल्लू?" एवढंच बोलले. तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल आम्ही न्यायालयाला पाठवला. वनाधिकाऱ्यांनी चौकीदाराच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाही तो एक पाऊल मागे सरकला.

राहिला खालच्या शेतांच्या नुकसानीचा पंचनामा. तलाठ्याबरोबर आम्ही नाल्याने उतरलो, चौकीदार आणि त्याची बायकोही सोबत होती. पाण्याच्या तडाख्यात एकच बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, सापडली होती. नुकतीच रोवणी झालेलं धान वाळूखाली गाडलं गेलं होतं, एक काडी वर नव्हती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"आमचीच हाय जी," चौकीदाराची बायको म्हणाली.

मी त्याच्याकडे वळलो. "पाणी इकडेच येणार, हे ठाऊक होतं तुला?"

"होय जी," तो म्हणाला. "पण पिल्लू बुडून राह्यलं होतं न."