कंडक्टरच्या मनगटातला बोगदा

आमच्या कंडक्टरांइतका लोकांच्या घरात शिरलेला माणूस सबंध परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि ते कधी कुणाच्या घरी गेले नव्हते. सत्तरच्या दशकात मी परभणीहून एसटीनं रोज मानवतच्या शाळेत शिकवायला जायचो. गाडीत चढलं की आधी चौकशी, मग तिकीट. म्हैस व्याली का, पोरीचं जमलं का, हे कळल्याशिवाय त्यांचा तिकिटं पंच करायचा चिमटा हलत नसे. एका म्हातारीचं गाठोडं थांब्यावर राहिलं, तर ते येईपर्यंत भरली गाडी उभी. वर आम्हालाच दम, "तुमची काय कोर्टात तारीख हाय का?"

वर्षानुवर्षं चिमटा दाबून त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, बोटं बधिर झाली. औरंगाबादच्या दवाखान्यात कळलं, की मनगटात एक बोगदा असतो आणि त्यात नस दबलीय. "गुरुजी, आपल्या जिल्ह्यात कुठं बोगदा न्हाई, अन् माझ्याच हातात कसा निघाला?" तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रात्री मनगटाला बांधायला पट्टी दिली आणि हाताचा क्रम दाखवला: पंजा ताठ, मग बोटांचा आकडा, मग मूठ. एसटीनं बजावलं, डॉक्टरांच्या तपासणीत मुठीत जोर दिसला तर गाडी, नाहीतर बसस्थानकात चौकशीची खिडकी. या खिडकीची त्यांनी भलतीच धास्ती घेतली.

एकट्यानं व्यायाम करायची लाज वाटते म्हणून त्यांनी अख्ख्या गाडीला कामाला लावलं. "चला, पंजा! आकडा! मूठ!" कापसाचे व्यापारी, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे सुरू. खिडक्यांतून एवढे पंजे दिसल्यावर थांब्यावरच्या लोकांना वाटायचं, गाडी भरलीय, नका येऊ म्हणायलेत. ते निमूट परत सावलीला बसत. मग कंडक्टर उतरून एकेकाला समजावून आणत.

गुण किती आला ते बघायला ते उतरणाऱ्या प्रत्येकाचा हात दाबत. त्या मुठीनं पापडही मोडला नसता, पण तोंडावर सांगणार कोण? एक दिवस मानवतचा एक पैलवान कळवळला, "अगागा, सोडा, मोडला हात!" कंडक्टर असे खुलले की दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच ओरडू लागलो. मी तर जरा जास्तच.

तपासणीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांचा हात दाबला.

"लय कडक माणूस हाय, गुरुजी," चौकशीच्या खिडकीतून ते मला म्हणाले, "वरडलाच न्हाई."

मला फार वाईट वाटलं. पुढं मानवतची गाडी लागली की ते खिडकी सोडून यायचे, शेवटचा माणूस चढेपर्यंत खाली उभे राहायचे, आणि डाव्या हातानं दार लावून द्यायचे.