हवेत तोतरं, लाकडात साफ

पनवेलच्या माणसाला दुरुस्ती कशी हवी असते, तर वस्तू टाकली, चहा प्यायला, वस्तू उचलली, चालू पडला. काशिराम घरतकडे हे चालायचं नाही. माझं बेल्ट, बेअरिंग आणि ऑइलचं दुकान लाकडाच्या वखारींच्या रस्त्यावर. माझ्याच ओट्याच्या कोपऱ्यावर बसून काशिराम झाडं कापायच्या मशीन-करवती दुरुस्त करायचा, ज्यांना सगळे चेन सॉ म्हणतात त्या. त्याच्यासमोर चिंचेचा एक ओंडका कायम आडवा. मशीन कितीही गोड चालू लागलं, तरी त्या ओंडक्यात घालून पाहिल्याशिवाय तो ते हातचं सोडत नसे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की तो मुद्दाम तंबाखू मळायला घेई.

मूळचा कामोठ्याचा. भातशेती आणि मिठागर सरकारने संपादनात घेतलं, तेव्हा हा ऐन उमेदीत रिकामा झाला. न्हावा शेव्याला बंदराचं काम निघालं, द्रोणागिरीच्या बाजूला झाडं साफ करायची होती, आणि कुणा ठेकेदाराने त्याच्या हातात मशीन दिलं. कित्येक वर्षं तो ते कानाशी धरून चालवत होता. कानात कापसाचा बोळा घालायचीही कुणाला बुद्धी झाली नाही. पुढे कमरेने दगा दिला, तेव्हा तो कापायचं सोडून दुरुस्तीला बसला.

कार्बोरेटर लावण्यात त्याचा हात धरणारा पनवेलमध्ये कुणी नव्हता. आधी हवेची जाळी धुवायची, कारण नाक चोंदलेल्याला गायला सांगू नये. मग ताजं पेट्रोल, त्यात बेताचं ऑइल. मशीन चांगलं गरम होऊ द्यायचं. मग हळू चालीचा स्क्रू, रेस दिल्याबरोबर इंजिन न गुदमरता उचलेल इतका. रेस सोडली की इंजिन चालू राहावं, पण साखळी जागची हलू नये, नाहीतर कुणाची तरी मांडी जायची. आणि शेवटी जोराच्या चालीचा स्क्रू. इथे भलेभले फसत. पूर्ण रेस दिली की मशीनने हवेत जरासं अडखळायला हवं, आणि दात लाकडात रुतले की तोच आवाज साफ व्हायला हवा. स्क्रू फार आत पिळला तर पेट्रोल कमी पडतं, मशीन हवेतच बारीक, सुरेल किंचाळतं. अडाण्याला वाटतं, वा! पण या मशीनचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी; मग पिस्टन तापतो, चिकटतो, आणि खेळ खलास.

“हवेत तोतरं, लाकडात साफ,” काशिराम म्हणायचा. “शेट, जो आदीच लय ग्वाड बोलतो ना, तो मदीच दगा देतो.” हे म्हणताना तो माझ्या गल्ल्याकडे का बघायचा, ते त्यालाच ठाऊक.

त्याची बायको गंगाबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गातात, तो गाणारी ती धवलारीण. भटजीइतकाच तिचा मान. गंगाबाई पुढे गायची, बाकीच्या बायका मागून उचलायच्या, आणि त्यांना ती तळव्याने वळवायची. तळवा वर गेला की सूर चढवा, खाली गेला की उतरवा, आडवा स्थिर राहिला की बरोबर आहे, तिथेच राहा. दुपारी ती काशिरामला भाकरी घेऊन यायची आणि आल्या आल्या मला माझ्या पोटावरून बोलायची. मला ती फार आवडायची.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. वखारवाल्या मितेशशेठचं मशीन काशिरामने लावून दिलं, आणि पिस्टन चिकटून परत आलं. मग दुसरं आलं. काशिरामने मितेशशेठसमोर सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. “ऑइलात भेसल हाय.”

माझं टाळकंच सटकलं! माझ्या ओट्यावर बसून माझ्याच ऑइलला नावं ठेवतोस? भर रस्त्यात आमची जुंपली. मी त्याला उपटसुंभ म्हटलं, त्याने मला तागडीमार म्हटलं, जरी माझ्या दुकानात तागडी नव्हती. मितेशशेठने दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की आणखी एक मशीन गेलं तर त्याची सगळी मशिनं ठाण्याला जातील. काशिरामची निम्मी चूल त्या वखारीवर पेटत होती. शोभाचं, त्याच्या लेकीचं, लग्नही ठरायच्या बेतात होतं.

तिसरं मशीन तो लावत होता तेव्हा गंगाबाई भाकरी घेऊन रस्ता ओलांडत होती. ती मधेच थांबली. मग तरातरा आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून ओरडली, “बंद करा! रडतंय ते!”

“रडतंय कुठं? घुमतंय. अजून जाडच हाय,” काशिराम म्हणाला आणि स्क्रू आणखी आत पिळायला लागला.

मीही कान दिला. भांडणाच्या भरात इतके दिवस दिलाच नव्हता. मशीन सुईसारखं किंचाळत होतं. गंगाबाईने वाकून बटण बंद केलं. मग ती त्याच्या पाठीमागे गेली आणि बारीक आवाजात धवल्याची एक ओळ म्हणाली. काशिराम स्क्रूकडे बघत राहिला. ती पुन्हा म्हणाली. त्याने मान वळवली नाही.

ती समोर येऊन उभी राहिली. “तुमाला ऐकाय येत नाय,” ती म्हणाली. “मना घरी वाटायचं, मुद्दाम वो देत नाय.”

सगळा उलगडा झाला. वरचे, बारीक आवाज त्याच्या कानातून आधी गेले होते. मशीन किंचाळत असलं तरी त्याला ते जाड आणि अडखळतंच वाटायचं, म्हणून तो बिचारा शास्त्राला धरून स्क्रू आवळत जायचा. जितका नीट लावायला जाई, तितका पिस्टन जळे.

काशिराम भडकला. बायकोला बोलला, मला बोलला, हत्यारं पिशवीत भरून निघून गेला, भाकरी तशीच टाकून. नंतर तो आलाच नाही. ओट्याचा तो कोपरा रिकामा बघवेना. ऑइलचं सगळं भांडण मी मनातल्या मनात केव्हाच मिटवून टाकलं होतं, पण ते सांगायला समोर माणूस हवा ना!

मग एका सकाळी दुकान उघडतो तर दोघं हजर. तो मान खाली घालून, आणि गंगाबाई नऊवारीचा काष्टा खोचून चिंचेच्या ओंडक्यावर बसलेली. मितेशशेठचं मशीन समोर. काशिरामने पूर्ण रेस दिली आणि मशीनकडे न बघता तिच्या हाताकडे बघितलं. तळवा खाली आला. त्याने स्क्रू जरा बाहेर सोडला. तळवा आणखी खाली. आणखी सोडला. मशीन अडखळलं, बोबडं बोललं, आणि तळवा आडवा थांबला. ती उठली, त्याने ओंडक्यात दात घातले, आवाज साफ झाला. भुसा थेट माझ्या काउंटरवर.

समोरच्या वखारीतले हमाल हसले. एक जण म्हणाला, “काशिराम, बायकोच्या तालावर नाचतो काय?”

“नाचतो,” काशिराम म्हणाला. “तुजी बायको कवा नाचवते ते बग.”

ते मशीन परत आलं नाही. मितेशशेठचं ठाणं रद्द झालं. रोज गंगाबाई सकाळीच यायची, आणि लग्नसराईत तिला धवल्याला जायचं असलं, की काशिरामही काम बंद ठेवायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची. मी त्यांना माझ्याकडचा चहा पाजून परत पाठवायचो.

शोभाचं लग्न कामोठ्यात दारातल्या मांडवातच झालं. मुलीच्या आईने धवला गाऊ नये, दुसरी कुणी बोलवा, असं नातेवाइकांनी सुचवून पाहिलं. “माझ्या पोरीला दुसरी कशाला घालवील?” म्हणून गंगाबाईने त्यांना गप्प केलं. काशिराम आणि मी खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलो होतो. एव्हाना त्याला जाडे आवाजही जेमतेम यायचे.

दुपारी पाठवणीचा धवला सुरू झाला. गंगाबाईने पहिली ओळ उचलली आणि तिचा आवाज अडखळला. पुन्हा उचलली, पुन्हा अडखळला. मागच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तिचा हात लेकीच्या खांद्याला घट्ट धरून होता, त्यामुळे या वेळी तळवा कुणालाच दिसत नव्हता.

काशिरामने माझी बाही ओढली. ज्या माणसाने तीस वर्षं तो आवाज ऐकला होता, तो मला विचारत होता, “शेट, बरोबर लागलाय का?”

मी माझा तळवा त्याच्या डोळ्यांसमोर आडवा, स्थिर धरला. त्याने मान हलवली. मग शोभाने आईला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावर तोंड ठेवून गंगाबाई गायला लागली, साफ. ती शेवटची ओळ संपेपर्यंत मी हात खाली घेतला नाही, आणि काशिराम हाताकडे बघत राहिला.