मारुतीमागची उतरण

कुसुमचा निरोप शुक्रवारी आला. सायकल परवा जाणार, जायचं तर उद्याच.

गोष्ट ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली, माघातली. कुसुम, प्रमिला आणि मी तुमसरच्या शाळेत एका बाकावरच्या. तिघी मॅट्रिक झालो आणि संसाराला लागलो. कुसुमला सिहोऱ्याला दिली. तिचे यजमान उन्हाळ्यात तेंदूपानाच्या फडावर, म्हणजे बिडीची पानं मोजून घेतात तिथं, मुनशी असत. मागच्या साली काविळीनं गेले. वर्षश्राद्ध झालं आणि सासऱ्यांनी सायकल धाकट्या मुलाला द्यायचं ठरवलं. तो धानाच्या गिरणीत लागला होता, त्याला जाण्यायेण्याची अडचण. त्यात गैर काही नव्हतं, कुसुमही तेच म्हणाली. पण सायकल जाण्याआधी तिला त्याच सायकलवरून चांदपूरच्या मारुतीमागची उतरण एकदा उतरायची होती.

यजमान फडावरून त्याच वाटेनं घरी येत. आले की सांगत, "पायडल मारावं लागत नाही. हात सोडून उतरतो मी. पाखरू होऊन जातो." कुसुम म्हणे, "मले न्या ना एकदा." ते म्हणत, "पुढच्या साली."

आमचे हे बाजारोबाजार लुगड्यांचा गठ्ठा घेऊन फिरणारे. मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "शनिवार आहे, मारुतीचं दर्शन होईल. जा." पहाटे पोळ्या, भरली वांगी आणि लसणाची चटणी बांधली. बाहेरचं खाणं मला परवडतही नाही आणि सोसतही नाही. प्रमिला आणि मी सकाळच्या गाडीनं सिहोऱ्याला उतरलो. स्टँडजवळच्या दुकानातून दोन लेडीज सायकली दिवसाच्या बोलीवर घेतल्या. तासाच्या भाड्यानं घेतल्या तर दुप्पट पडतं, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

कुसुम सासूचं जुनं लुगडं काष्टा घालून नेसली होती. मधल्या दांड्याच्या जेन्ट्स सायकलवर साडी चालत नाही. चौकात पानठेल्यावरचा एक म्हातारा बोललाच, "बापा, मुनशीची सायकल! आता बाया चालवून राहिल्या काय?"

"हो जी, बाबाजी," प्रमिला म्हणाली, "सायकलीले थोडीच समजते कोण बसलं ते!"

म्हातारा हसला. कुसुम हसली नाही, पण टांग मारून बसली मात्र झोकात.

चांदपूरपर्यंत रस्ता सपाट. दोन्ही अंगांना धान कापलेल्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, लाखोळीचं पीक निळं फुललेलं. पायथ्याशी तलाव, वर मारुती. सायकली ढकलत चढलो. दम लागतो, सावकाश चढावं. दर्शन घेतलं, शेंदूर लावला, तेल वाहिलं, नारळ फोडला. मी माझ्या लेकरांसाठी मागितलं. कुसुम बराच वेळ हात जोडून उभी होती. काय मागितलं ते मी विचारलं नाही. मागण्यासारखं तिच्याजवळ काय उरलं होतं?

झाडाखाली शिदोरी सोडली. चपला काढून बसलो तशी कुसुम म्हणाली, "ह्यांची चप्पल एक साल टिकत नव्हती. अन् झिजे कशी? टाच नाही, बोटं नाही, बरोबर मधात. आडवी नाली पडल्यावानी. म्या लय बोलली बाई त्याईले. पाय घासत चालता म्हणे मी, पैसे झाडाले लागते का म्हणे."

"मंग ते काय म्हणत?"

"मारुतीच्या पायऱ्या चढून चढून झिजते म्हणत."

"देवाकडं चप्पल घालून जात होते काय वं?" प्रमिलानं विचारलं, आणि तिघीही हसलो. बऱ्याच दिवसांनी कुसुमला हसताना पाहिलं.

देवळामागून वाट सुरू होते. सरपणाची मोळी घेऊन वर येणारी एक बाई थांबली. "कुठं जाता वं माय सायकलीनं? हे काही वाट होय?"

"आमचे हे जात इथून," कुसुम म्हणाली आणि पुढं झाली. तिनं ठरवलंच होतं, खाली पोचेपर्यंत सायकलवरून उतरायचं नाही. ते उतरत नव्हते, मग आपणही नाही.

पहिला टप्पा खरंच छान होता. सागाची वाळलेली पानं चाकाखाली कुरकुरत होती, गार वारा तोंडावर. कुसुम ओरडली, "पाखरू, वं!" मग वळण आलं. त्यापुढं वाट नव्हतीच. पावसाच्या पाण्यानं खणलेली घळ, सुटे गोटे, मध्ये मुळ्या. प्रमिला आणि मी उड्या टाकूनच उतरलो. कुसुमनं ब्रेक दाबला तो मुठीपर्यंत दबला, सायकल मात्र थांबेना. गावातल्या सपाट रस्त्यावर कुणाला कळणार, ब्रेकचे रबर कधीचे संपले आहेत ते?

"कुसुम, उडी टाक!" मी ओरडले.

तिनं उजवा पाय उचलला आणि पुढच्या चाकावर दाबला. लहानपणी आम्ही सगळ्या तशाच थांबत होतो. चाक चपलेला घासत करकरलं, जळक्या रबराचा वास आला, आणि पळसाच्या बुंध्याशी सायकल थांबली.

आम्ही धावत गेलो. लागलं काहीच नव्हतं. कुसुम खाली बसली होती. तिनं चप्पल काढून हातात घेतली, उलटी केली. तळव्याच्या बरोबर मधोमध आडवी खाच पडली होती.

ती खाचेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "हात सोडून उतरतो म्हणत होते वं."

पुढची वाट आम्ही पायीच उतरलो, सायकली धरून. खाली सपाटीवर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "जुनी चप्पल म्या तेराव्याच्या दिवशी फेकून देली. दानात नवी देली अन् जुनी फेकली."

सिहोऱ्यात शिरताना ती सायकलच्या दुकानासमोर थांबली. आमच्या सायकली परत केल्या, तिनं आपल्या सायकलीला चारही ब्रेकरबर नवे बसवून घेतले आणि स्वतः दाबून दाबून पाहिले. "देवराले गिरणीच्या रस्त्यावर उतार लागते," म्हणाली. चप्पल मात्र तिनं तीच पायात ठेवली.

जाणाऱ्यांनी जरूर जावं. मारुती जागृत आहे, तलाव डोळे निववणारा आहे. मागच्या वाटेला मात्र सायकल नेऊ नये.

दिवेलागणीला घरी पोचले. हे बाजारातून येऊन ओसरीवर टेकले होते. "कसं झालं दर्शन?" त्यांनी विचारलं. छान झालं म्हटलं, प्रसाद दिला. ते हातपाय धुवायला मागं गेले. उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या. चप्पल उलटी केली की घरात भांडण लागतं, आई सांगायची, आणि मीही ते पाळत आले होते. त्या दिवशी उलटी केली. टाचेत खिळा ठोकलेला होता; सरळ करून पाहिली तर त्याचं टोक आत वर आलेलं होतं, त्यावर कागदाची घडी दाबून बसवली होती. घडी पार काळी पडली होती.