राइट बॅकनं सांभाळलेलं गेट

माझा बीजगणिताचा पेपर झाला तो तळमजल्यावरच्या चाचांमुळं. हे आधी लिहितो, कारण लोक त्यांच्याबद्दल वेगळंच सांगतात.

संभाजीनगरातल्या जुन्या फुटबॉलवाल्यांना विचारा. चाचा राइट बॅक, म्हणजे मागं उजवीकडं बचाव करणारे. त्या काळी बॅकनं मधली रेघ ओलांडायची नाही असा दंडक, आणि हे बॉल घेऊन थेट समोरच्या गोलापर्यंत जायचे. त्यापायी दोनदा संघाबाहेर बसले. पुढं त्याच खेळावर राज्याकडून खेळले, गुडघा गेला तेव्हा थांबले. अजूनही मागं खेळणारा पोरगा बॉल घेऊन सुटला की मैदानाच्या कडेला कुणीतरी म्हणतं, "चाचा निघाले."

मी गडचिरोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. इथं अपार्टमेंटचा वॉचमन. दिवसभर माणसं गेटमधून जातात, बोलायला एक नाही. घरून फोन आला की "जेवलास का" एवढंच. मी हो म्हणतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो, तेही घरी सांगितलं नव्हतं. नापास झालो तर?

पेपरांना रात्रपाळीवाला माझ्या जागी थांबायचा. बीजगणिताच्या सकाळी त्याला ताप आला. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "गेट रिकामं दिसलं तर उद्यापासून येऊ नका." हॉलतिकीट खिशात, आणि मी खुर्चीवर.

चाचा दूध घेऊन आले. मला गेटवर गणितं सोडवताना ते रोज बघायचे.

"पेपर हाय ना आज? मग इथं काय करतो?"

सांगितलं.

"ऊठ. रजिस्टर दे इकडं."

"चाचा, तुम्ही गेटवर? लोक काय म्हणतील?"

"लोकं माझे गोल सांगतात. मी वर गेलो की एक हाफबॅक माझी जागा धरायचा. पळून पळून जीव जायचा त्याचा. त्याचं नाव कोन घेतं? जा लेका, गुलमंडीत गर्दी लई असती, रिक्षा पकड."

परत आलो तर सेक्रेटरी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून कुठल्याशा जुन्या गोलची गोष्ट ऐकत होते. मला पाहून त्यांनी रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

निकालात गणित काठावर सुटलं.

चाची अंथरुणाला खिळलेल्या. त्या तीन तासांत चाचा गेटवरूनच खिडकीत हाका मारून त्यांची विचारपूस करत होते, असं धुणंभांडीवाल्या मावशींनी सांगितलं. चाचींना सोडून जाता येत नाही म्हणून दोन वर्षांत चाचांनी मैदान पाहिलेलं नाही. ड्यूटी संपली की मी आता चाचींजवळ थोडं बसतो. मी परका, म्हणून अजून त्या भिंतीकडं तोंड करतात. पण सवय होईल. मग एका रविवारी मी त्यांच्यापाशी थांबेन आणि चाचांना पूर्ण मॅच बघायला पाठवीन.